भाईंदर ते उत्तन

भाईंदर स्टेशनातून निघालं की पहिली दहा मिनिटं शहराची. रिक्षा, हॉर्न, टॉवर. मुर्धा आलं की मी गाडीचा वेग कमी करतो. पुढे राई, मोर्वा, डोंगरी, मग उत्तन. घरी जायची घाई असतेच. पण हा रस्ता पळवायचा नाही.

पळवला तर राई म्हणजे नुसती पाटी. हळू गेलं तर तळं दिसतं, काठावर बसलेला म्हातारा दिसतो. तो हात वर करतो, "आलास का रं कामावरनं?" मी हॉर्नचा एक टिचका देतो. झालं बोलणं.

रस्त्याच्या कडेची मिठागरं आता बरीचशी ओस. आमच्या आगरी माणसांच्या पिढ्या या चिखलात उभ्या राहिल्या. भरतीचं पाणी खाचरात घ्यायचं, उन्हात आटवायचं, फळीनं मीठ ओढायचं. मिठानं चिरलेले आजोबांचे तळपाय मी पाहिलेत. पोराला सांगायला गेलं तर त्याला फक्त गवत दिसतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याला मागे बसवून आणतो, बांधापाशी थांबतो.

डोंगरीनंतर चढ-उतार, वळणावर क्रूस, आणि वाऱ्याला सुक्या बोंबलाचा वास. कधी बाजारातून परतणारी कोळीण हात करते. "मावशी, बसा." रिकामी पाटी मांडीवर घेऊन ती बसते आणि उत्तन येईस्तोवर बंदराची सगळी खबर सांगते.

त्या दिवशी बायको दारातूनच म्हणते, "आज कोणाला सोडून आलात? आधी आंघोळ करा!"