जागा कळल्याखेरीज वेळ कळत नाही

मुंबईची जुनी वेळ मुंबईच्या जागेतून निघालेली होती. शहर पूर्व रेखांशाच्या सुमारे ७२ अंश ५० मिनिटांवर असल्याने आणि पृथ्वीला १ अंश फिरण्यास ४ मिनिटे लागत असल्याने येथील घड्याळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही तिच्यामागे ३९ मिनिटे चालणारा हा ‘बॉम्बे टाइम’ शहरात कित्येक वर्षे टिकला. आज गच्चीवरची छोटी अँटेना उपग्रहांकडून वेळ घेते, तरी वेळ जुळविणाऱ्या तंत्रज्ञाला आधी ठरवावी लागते ती जागाच.

अणुघड्याळ वाहणारा प्रत्येक उपग्रह आपले स्थान आणि संकेत निघाल्याचा क्षण कळवीत असतो. रिसीव्हरला जागेच्या तीन आणि स्वतःच्या घड्याळातील चुकीची एक अशा चार अज्ञात राशी काढायच्या असल्याने किमान चार उपग्रह लागतात. मात्र अँटेना स्थिर असेल आणि दीर्घ नोंदींच्या सरासरीतून तिची जागा पक्की झाली असेल, तर वेळेसाठी तत्त्वतः एकच उपग्रह पुरतो. नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, प्रकाश सुमारे ३० सेंटीमीटर जातो. त्यामुळे जागेतील ३ मीटरच्या चुकीने वेळ १० नॅनोसेकंदांपर्यंत ढळू शकते.

मुंबईतल्या शिवाजी पार्कच्या मैदानावर संकेत थेट पोहोचण्याइतके आकाश मोकळे आहे. पण सभोवतालच्या तीन-चार मजली जुन्या घरांशेजारी आता टॉवर उभे राहत असून, त्यांच्या भिंतींवरून परावर्तित झालेला संकेत लांबच्या वाटेने, म्हणून उशिरा, पोहोचतो. यासाठी अँटेना गच्चीवरील सर्वांत उंच जागी बसवितात आणि क्षितिजालगतचे उपग्रह गणनेतून वगळतात. अँटेनापासून खालच्या खोलीपर्यंतची ३० मीटर केबलही १२० ते १५० नॅनोसेकंद खाते, म्हणून तिची लांबी व जात नोंदवून तेवढा काळ वजा करावा लागतो.

एकाच वारंवारतेवर आळीपाळीने बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या मोबाइल मनोऱ्यांना अशीच वेळ लागते आणि त्यांना सामाईक वेळेपासून दीड मायक्रोसेकंदाहून अधिक ढळून चालत नाही. त्या मानाने केबलची चूक क्षुल्लक वाटते, पण प्रयोगशाळेत घड्याळांची तुलना करताना तीच मोठी ठरते. शिवाय न मोजलेला उशीर कायम तेवढाच राहत असल्याने घड्याळ अत्यंत स्थिर दिसते आणि तरीही चुकीचे असते. हा दोष त्या घड्याळाकडे कितीही वेळ पाहून उमगत नाही, तो स्वतंत्रपणे जुळविलेले दुसरे घड्याळ शेजारी ठेवल्यावरच उघड होतो.