नव्या विटांवरचं पांढरं

गिलावा करायचा नाही, विटाच दिसू द्यायच्या, हे घर बांधायला काढलं तेव्हाच ठरलं होतं. भिंत उभी राहिली, परांची उतरली आणि ज्या तांबड्या रंगासाठी एवढा हट्ट धरला तो जागोजागी पांढऱ्याखाली गेलेला. कुठे भुकटी, कुठे सिमेंटचे करडे ओघळ, खिडकीच्या तळाशी एक कडक पांढरा पापुद्रा. मला सगळं एकच वाटलं.

सल्ले मात्र तीन दिशांनी आले. हार्डवेअरवाला म्हणाला, अ‍ॅसिड मारा. रंगारी म्हणाला, तारेच्या ब्रशने घासा. शेजाऱ्यांनी गाडी धुवायचा प्रेशर पंप देऊ केला. आमचे मिस्त्रीमामा म्हणाले, "ताई, लोणा आलाय. आता पाणी मारू नका." मी गोंधळले. कालपर्यंत हेच मामा सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारून घेत होते. सिमेंटचा माल पक्का व्हायला निदान सात दिवस ओल लागते, असं त्यांचंच सांगणं. काल जे औषध होतं ते आज अपाय कसं?

उत्तर ओलीतच होतं. विटेच्या मातीत, वाळूत, सिमेंटमध्ये थोडे क्षार असतातच. पाणी मुरलं की ते विरघळतात, भिंत वाळू लागली की पाण्यासोबत पृष्ठभागाकडे येतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. उन्हात घामेजलेल्या सदऱ्यावर मिठाची रेघ उमटते, तसंच. ही भुकटी ओली करून धुतली तर बरेचसे क्षार पुन्हा विटेत शिरतात आणि वाळल्यावर परत वर येतात. म्हणून कोरड्या दिवशी, कोरड्या काथ्याच्या ब्रशने झाडायची आणि खाली पडलेली भुकटी उचलून टाकायची.

मग मामांनी ओळख करायला शिकवलं. बोट ओलं करून डागावर टेकवायचं. भुकटी ओलीखाली दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर पुन्हा उमटली, तर तो लोणा. खिडकीखालचा पापुद्रा ओला होऊनही तसाच राहिला. तो चुन्याचा, मालातून झिरपून हवेत कडक झालेला. ओघळ तर उघड उघड सिमेंटचे. तीन पांढरी, तीन उपाय. अ‍ॅसिडची गरज त्यांतल्या जेमतेम एकाला.

सिमेंटच्या ओघळांसाठी मामांनी मला त्याच भट्टीतल्या विटेचा तुकडा दिला. त्याने हलकेच घासलं की वाळलेला माल निघतो, आणि तुकड्याची भुकटीही त्याच रंगाची असल्याने ओरखडा दिसत नाही. जाड गोळे लाकडी पट्टीने उडवले. भिंतीवर तारेचा ब्रश फिरवायला मी साफ नकार दिला: तारेचे कण विटेत अडकतात आणि पहिल्या पावसात गंजाचे ठिपके उठतात. प्रेशर पंपही परत पाठवला. जोराच्या धारेने दर्जांतला कोवळा माल उडतो आणि विटेची भाजलेली वरची त्वचा सोलली जाते. मग वीट जास्त पाणी पिते, म्हणजे पुन्हा लोणा. मला तर हे नुकसान डागापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

पापुद्र्यासाठी अ‍ॅसिड लागलंच, पण माल चांगला पक्का झाल्यावर. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग त्यात अ‍ॅसिड. उलट कधीच नाही. एकाला वीस इतकं पातळ. रबरी हातमोजे, चष्मा, गमबूट. अ‍ॅल्युमिनियमची चौकट प्लास्टिकने झाकली, खालची रोपंही. जवळपास ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच नको. अ‍ॅसिडशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. हे सगळं आधी मागच्या बाजूच्या कोपऱ्यावर करून, पूर्ण वाळू देऊन पाहिलं.

भिंत आधी पाण्याने भिजवायची, हे मला सर्वांत उलटं वाटलं. मामांनी कारण सांगितलं: कोरडी वीट अ‍ॅसिड पिते, आणि विरघळलेलं सिमेंटही आत ओढून घेते. मग त्याची करडी झाक बसते, ती काही केल्या निघत नाही. भिजलेल्या विटेवर अ‍ॅसिड वरवरच राहतं. ब्रश टेकवताच पापुद्र्यावर बारीक बुडबुडे आले. अ‍ॅसिड चुना खातं, पण दर्जांतही चुना असतोच, तेव्हा बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघत बसायचं नाही. थोडा भाग, सावलीतला, आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुऊन टाकायचा. अ‍ॅसिड राहिलं तर पिवळसर-तपकिरी डाग पडतात.

वीट घेतानाच पाहायचं असतं, हे उशिरा कळलं. भारतीय मानकातली चाचणी घरीही जमते: थाळीत 25 मिलिमीटर पाणी घालून त्यात वीट उभी करायची, पाणी आटू द्यायचं, पुन्हा तेवढंच घालून पुन्हा वाळवायची. क्षाराचा थर 10 टक्के भागापर्यंत असेल तर किरकोळ, 50 टक्क्यांपर्यंत मध्यम, त्यापुढे भारी. उरलेल्या विटा आता आमच्या ओसरीत अशाच उभ्या आहेत, कारण कुंपणाची भिंत बाकी आहे.

जोत्याजवळचा लोणा मात्र झाडला तरी परत येतोय. तिथे ब्रश पुरणार नाही. गच्चीच्या पन्हळीचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी पडतं, ते पाइपने अंगणात लांब न्यायचं ठरलंय. प्लंबर सोमवारी येणार आहे.