घराचा दलाल

घर विकत घेणे हा सामान्य कुटुंबाच्या आयुष्यात बहुधा एकदाच येणारा प्रसंग होय. मुलांच्या शिक्षणासाठी बेळगाव शहरात घर घेऊ पाहणारी खेड्यांतील कुटुंबे आम्हांस विचारतात, "दलाल कोणता धरावा?"

आमचे सांगणे असे की, प्रथम त्यास विचारावे, "आपली दलाली कोण देणार?" विकणाराकडूनही तो पैसे घेत असेल, तर भाव उतरविण्यात त्यास गोडी ती कशाची? दोन्हीकडून घेणे हा गुन्हा नव्हे. लपविणे मात्र अप्रामाणिकपणा होय. दलालीचा आकडा आरंभीच लिहून घ्यावा.

२०१६ च्या रेरा कायद्यान्वये, नोंदणीकृत गृहप्रकल्पातील घरे विकून देणाऱ्या दलालास स्वतःचीही नोंदणी करावी लागते. तिचा क्रमांक मागून प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळावा. जुन्या घरांच्या व्यवहारात हे संरक्षण सहसा नसते. तेथे अधिक जपावे.

आमच्या परिचयाच्या एका भगिनीने पतीच्या आखाती देशातील कमाईतून विसार दिला. मागाहून कळले की, घराचे मूळ खरेदीखत बँकेत गहाण आहे! दलालाने तिला केवळ नक्कल दाखविली होती. विसार परत मिळविण्यात दोन वर्षे गेली.

म्हणून उपनिबंधक कार्यालयातून बोजाचा दाखला स्वतः काढावा, मूळ खरेदीखत वकिलास दाखवावे आणि मगच विसार द्यावा. त्यासाठी आठ दिवस थांबण्यास जो दलाल तयार नसेल, त्यास नम्रपणे निरोप द्यावा. घर शोधण्याचे श्रम दलालावर सोपवावेत. कागद पाहण्याचे नव्हेत.