पीळ

मनमाड स्टेशनाबाहेरच्या रसवंतीवाल्याने तोच ऊस पुन्हा दुमडून चरकात घातला, तेव्हा मला राहवलं नाही. "मालक, आता काय उरलंय त्यात?" घुंगरांच्या वर आवाज चढवत तो म्हणाला, "पिळलं की निघतंय, भाऊ." निघालंही. आलं-लिंबू दाबून काढलेला तो शेवटचा फिकट रस मला पहिल्या धारेपेक्षा जास्त आवडतो. पहिल्या धारेत नुसता गोडवा.

गुडाचा गूळ झाला, षोडशचे सोळा झाले, त्याच वाटेने संस्कृतातला 'पीड्' मराठीत येऊन 'पिळणे' झाला. 'पीडा' मात्र ड सांभाळून पोथीतून आली. उसाचा रस आणि शनीची पीडा अशी एका घरची! पीडा ज्योतिषाकडे राहिली, पीळ घरोघर फिरला: धुण्यात, कानाला, मिशीला, पोटात. सुंभ जळाला तरी उरला.

मनमाडात धुणं पिळणं ही वेगळीच गोष्ट. वाघदर्डी धरण आटलं की नळ पंधरा-वीस दिवसांनी यायचा. कित्येक उन्हाळे असेच गेले. पिळ्याखाली परात ठेवलेली मी तिथेच पाहिली. खळबळलेलं पाणी फरशीला, फरशीचं फडकं पिळून निघालेलं संडासाला. तुळशीला तेवढं भाजी धुतलेलं. नळाशी चाललेल्या भांडणापेक्षा ही मुकाट वाटणी मला जास्त हुशारीची वाटते. तिचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला पाणीपुरवठा समितीवर कुणी घेतलेलं ऐकलं नाही.

याच गावात १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ला जी.आय.पी. रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असं त्यांनी इथे सांगितलं. दलित बहुतेक गँगमन. त्यांना साधी पोर्टरचीही जागा मिळत नसे. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागे, आणि तिथे विटाळ आडवा येई. एकच माणूस चरकाच्या दोन लाटांमधून काढलेला.

अशा गोष्टींना हल्ली सरसकट 'शोषण' म्हणतात. मला तो शब्द मिळमिळीत वाटतो. शोषण म्हणजे मुळात सुकवणं. ते ऊनसुद्धा करतं. पिळायला कुणालातरी चरक फिरवावा लागतो. बातम्या आणि निवेदनं लिहिणाऱ्यांना म्हणून एवढंच सांगणं: 'पिळवणूक' लिहा, आणि पिळणाऱ्याचं नाव गाळू नका.