एकट्याचें जेवण

आमच्या स्वयंपाकघरांत टर्की पक्ष्याचें नांवहि कोणी काढावयाचें नाहीं. परंतु अशाच एका भाजलेल्या टर्कीपायीं गेल्या महिन्यांत मला रात्रभर झोंप आली नाहीं, हें वाचून वाचकांनीं हंसूं नये. निमित्त झालें एका जुन्या मेक्सिकन चित्रपटाचें. ‘माकारिओ’ हें त्याचें नांव. भाषा स्पॅनिश, चित्र कृष्णधवल आणि साल १९६०. रोबेर्तो गावाल्दोन यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट परभाषी चित्रपटांच्या ऑस्करसाठीं नामांकन मिळविणारा मेक्सिकोचा पहिलाच होय. चिरंजीवांनीं रात्रीं जेवणानंतर तो लावून दिला आणि आम्ही उभयतां पाहत बसलों.

कथा स्पॅनिश अमलाखालच्या मेक्सिकोंतली. माकारिओ हा लांकूडतोड्या. घरीं मुलांचें लेंढार, त्यामुळें त्याच्या पानांतलें निम्में त्यांच्याकडेच जावयाचें. त्यांच्या मृतांच्या सणाचे ते दिवस. गेलेल्या माणसांसाठीं नैवेद्य मांडलेले, श्रीमंतांसाठीं टर्की भाजले जात आहेत, आणि हा उपाशी! तो हट्ट धरतो कीं, एक सबंध टर्की, कोणालाहि वाटा न देतां, एकट्याला खावयास मिळेपर्यंत अन्नाला शिवणार नाहीं. दुसऱ्यांचीं धुणीं धुणारी त्याची बायको एक टर्की चोरते, मुलें निजलीं असतां चोरूनच शिजविते आणि नवऱ्याला घेऊन जावयास सांगते.

रानांत त्याला सैतान, देव आणि मृत्यु भेटतात. पहिल्या दोघांना तो वाटा नाकारतो; मृत्यूला मात्र निम्मा देतो. मृत्यु समोर उभा राहिला म्हणजे इतर कशालाच वेळ उरत नाहीं. तो जेवतो आहे तोंवर आपल्यालाहि जेवतां येईल, हा त्याचा हिशेब! पुढें मृत्यूनें दिलेलें गुणकारी पाणी, माकारिओची कीर्ति, धर्मन्यायालयाचा ससेमिरा, हें ज्याचें त्यानें पाहावें. गाब्रिएल फिगेरोआ यांनीं टिपलेली ती गुहा मात्र विसरतां येत नाहीं. प्रत्येक जिवाची एक मेणबत्ती, आणि अशा असंख्य ज्योति तेथें तेवत आहेत.

माझें मन अडलें तें त्या बायकोपाशीं. पिना पेयिसेर या नटीनें ती भूमिका केली आहे. त्या पक्ष्यांत तिचा वाटा कोणीं धरलाच नव्हता. तिनें स्वतःहि नाहीं.

मी आठ वर्षांचा असेन. घरांत सतरा माणसें, फराळाचे डबे कोठीच्या खोलींत आणि किल्ली थोरल्या काकूंच्या कमरेला. दिवाळींतल्या एका दुपारीं खोली उघडी दिसली म्हणून मी डोकावलों, तों आई अंधारांत, भिंतीकडे तोंड करून, बुंदीचा लाडू खात होती. रात्रीं भर पंगतींत मीं तें मोठ्यानें सांगितलें. सगळे हंसले, वाढतां वाढतां आईहि हंसली. त्यानंतर तिनें फराळाला हात लावलेला मला आठवत नाहीं. “मला गोड सोसत नाहीं,” असें ती म्हणे, आणि आम्हीं तें खरें धरून चाललों. तिला जाऊन बावीस वर्षें झालीं. दर वर्षीं श्राद्धाच्या पानांत बुंदीचा लाडू असतो. तिच्या आवडीचा म्हणून मींच आग्रहानें करवितों.

शेवटीं माकारिओ रानांत मेलेला सांपडतो. शेजारीं तो टर्की. निम्मा खाल्लेला, निम्मा तसाच. दिवा लावतांना सौ.नें विचारलें, “उरलेला निम्मा तिनें घरीं मुलांसाठीं नेला असेल का हो?”

तें चित्रपटांत नाहीं.