निघणारी मूठ

मोटारीच्या पत्र्याइतकी फसवी वस्तू माझ्या तरी पाहण्यात दुसरी नाही. लांबून पाहावे तर कसा ऐटबाज, रंगवलेला, चकचकीत! वाटते, याच्यावर हवे ते टांगावे. पण एक भोक पाडले की त्याचे खरे रूप कळते. जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडी. तीन पोस्टकार्डे एकावर एक ठेवा, झाला पत्रा! आता सहा मिलिमीटरचा साधा बोल्ट घ्या. त्याच्या एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचे अंतर एक मिलिमीटर असते. म्हणजे या पत्र्यात त्याचा एक पुरता आटासुद्धा मावायचा नाही. मग बोल्टाने धरावे तरी कशाला?

या प्रश्नात मी शिरलो तो आमच्या अक्कामुळे. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि आमच्या जुन्या व्हॅनची पायरी तिला एकाएकी पर्वतीसारखी उंच झाली. दाराशी हाताला धरायला एक भक्कम मूठ हवी होती. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी व्हॅनकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "काका, वेल्डिंग मारून देतो. गाडी भंगारात जाईल, पण मूठ निघायची नाही."

मला हे पटलेही असते. पण अक्का गाडीतच बसली होती. ती म्हणाली, "निघायची नसेल तर मला नकोच ती. पाय बरा झाला की काढायची आहे. जन्माची पांगळी झाले की काय मी?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, मी मिस्त्रींकडे. आपली बहीण बरी होणार, यावर विश्वास आहे की नाही, हे आता मला स्क्रूच्या निवडीतून सिद्ध करायचे होते.

घट्ट बसवणे सोपे आणि काढणेही सोपे. पण घट्ट बसून पुन्हा हवे तेव्हा निघणारे काही बसवणे, ही मोठी नाजूक कामगिरी आहे. आपल्याकडे सर्रास वापरतात तो पत्र्याचा स्क्रू, म्हणजे स्वतःचे आटे स्वतःच पाडत आत शिरणारा. तो पहिल्या वेळी छान बसतो. दुसऱ्या वेळीही बसतो. पण दर खेपेला ते इवलेसे भोक थोडे थोडे रुंदावते आणि एके दिवशी स्क्रू नुसताच गरगर फिरू लागतो. मग त्याहून जाड स्क्रू, मग त्याहूनही जाड! लाकडात आगकाडीचा तुकडा कोंबून वेळ मारून नेता येते. पत्र्यात तीही सोय नाही.

नाना पेठेत मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने एकीला एक लागून आहेत. तिथे दोन दुपारी घालवल्यावर मला उमगले, की पत्र्याला धरवत नसेल तर धरणारा आपणच बरोबर न्यायचा. एका दुकानदाराने स्प्रिंगच्या पोलादाची चिमट्यासारखी चाकी दाखवली. ती पत्र्याच्या कडेवर सरकवायची, मग बोल्ट पत्र्याला नव्हे, तिला धरतो. मडफ्लॅपला हिच्यासारखे दुसरे काही नाही. मात्र तिला जवळ कड हवी. पत्र्याच्या मधोमध ती निरुपयोगी. दुसरी चाकी रबराच्या नळीत बसवलेली पितळी. भोकात घालून स्क्रू आवळला, की रबर पलीकडे फुगून बसते. पाणी आत येत नाही, वस्तू खडखडत नाही. अक्काची काठी अडकवायची पकड मी हिच्यावरच बसवली. पण रबर ते रबरच. माणसाचा भार त्याच्यावर टाकू नये.

आणि मग रिव्हनट! ही आत आटे असलेली एक लहानशी नळी. मागून हात पोहोचत नसला तरी चालते. हत्याराने पुढूनच ओढली, की पत्र्यामागे तिची घडी पडून ती जखडते. 1930 नंतरच्या दशकात गुडरिच कंपनीने ती काढली, ती विमानाच्या पंखांवर बर्फ फोडणारे रबरी पट्टे बसवण्यासाठी. पातळ पत्रा आणि मागे हात जात नाही, ही अडचण तिथेही होतीच. सहा मिलिमीटरच्या बोल्टाच्या रिव्हनटला साधारण नऊ मिलिमीटरचे भोक लागते. ते सैल झाले किंवा नळी पुरती ओढली गेली नाही, तर ती बोल्टाबरोबर फिरू लागते आणि मग बोल्ट धड आत जात नाही, धड बाहेर येत नाही. अंगावर दाते असलेली किंवा षट्कोनी घेतली तर हे भय कमी. पायरीवरचा दिवा तिच्यावर झकास बसला.

मुठीसाठी मात्र मिस्त्रींनी रिव्हनटलाही नकार दिला. "काका, बाई लटकल्या तर नट पत्र्यासकट हातात येईल." त्यांनी तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी कापली, तिच्या पाठीवर आठ मिलिमीटरच्या दोन चाक्या वेल्ड केल्या आणि आतल्या पत्र्याला कारखान्यानेच ठेवलेल्या एका भोकातून ती मागे सरकवली. बोल्ट आवळल्यावर पत्रा मूठ आणि पट्टी यांच्यात चिमटीत सापडला. भार वीतभर जागेत वाटला गेला. (नव्या गाड्यांच्या खांबांत आणि छताच्या कडेला हवेच्या पिशव्या असतात. तिथे असली कारागिरी करू नये.) भोकांच्या कडा कानसून, प्रायमर लावून, लोखंडाचा चूर फडक्याने टिपून घेतला, तो राहिला तर पहिल्या पावसातच रंगावर तांबडे ठिपके उठतात. आट्यांना लावायच्या औषधाची निळी बाटली निवडली. लाल लावले तर बोल्ट तापवल्याशिवाय सुटत नाही. निळे पान्याला ऐकते.

सरकारचा कल मात्र मिस्त्रींच्या पहिल्या मताकडे आहे. 1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या गाड्यांना जी नंबरपाटी येते, तिचे मागचे कुलूप एकदा दाबले की मोडल्याशिवाय निघतच नाही. चोरापुढे तेच बरोबर, हे मीही मान्य करतो.

मूठ बसल्यावर मिस्त्री स्वतः तिला लोंबकळले. देह चांगला नव्वद किलोचा असावा. व्हॅन करकरली, मूठ हलली नाही. अक्काने ते पाहिले आणि काही न बोलता हात पुढे केला.

आता दर पंधरवड्याला मी दोन्ही बोल्टांना पाना लावून पाहतो. अक्का आतून विचारते, "निघतात ना रे?"

"निघतात," मी सांगतो आणि पुन्हा आवळून ठेवतो.