ऑड्री हेपबर्नच्या वस्तू

माझ्या टपालतिकिटांच्या संग्रहात ऑड्री हेपबर्नचे एकच तिकीट आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याने २००३ साली काढलेले, ३७ सेंटचे. बाजारात त्याला फारशी किंमत नाही. संग्राहक ज्याच्यासाठी जीव टाकतात ते तिकीट निराळे, आणि ते माझ्या हाती लागण्याची सुतराम शक्यता नाही.

त्या दुसऱ्या तिकिटाची कथा सांगण्याजोगी आहे. २००१ साली जर्मनीने चित्रपटकलावंतांवर तिकिटे काढायचे ठरवले. ऑड्रीचे चित्र ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’ या १९६१ च्या चित्रपटातील प्रतिमेवर आधारले आणि तिच्या ओठांत सिगारेटची लांब नळी दाखवली. तिकिटे छापून झाली, तरी तिच्या मुलाची, शॉन फेररची, संमती मिळाली नव्हती. मूळ छायाचित्रात आईच्या तोंडात गॉगलची काडी होती, असे त्याचे म्हणणे होते. त्याने नकार दिला आणि सुमारे १ कोटी ४० लाख तिकिटे नष्ट करावी लागली. मोजकी काही मात्र निसटली. त्यांतली काही चक्क साध्या पत्रांवर चिकटून टपालातून फिरून आली! २०१० साली अशा दहा तिकिटांचा एक ताव बर्लिनमध्ये ४ लाख ३० हजार युरोंना विकला गेला, आणि ती रक्कम मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना मिळाली.

ऑड्री प्रत्यक्ष आयुष्यात भरपूर सिगारेट ओढत असे, हे तिच्या चरित्रांत नमूद आहे. तेव्हा मुलाचा आक्षेप सत्यासाठी होता असे म्हणता येत नाही. तरीही मला तो पटतो. आपल्या माणसाचे चित्र घरोघर जाणार असेल, तर ते कोणते असावे हे ठरवण्याचा थोडा तरी अधिकार घरच्यांना असावा.

लिलावांविषयी माझे मन इतके स्वच्छ नाही. त्याच चित्रपटासाठी जिव्हांशी या फ्रेंच वेशकाराने शिवलेला काळा पोशाख २००६ साली लंडनमध्ये ४ लाख ६७ हजार २०० पौंडांना गेला. एका कापडाला एवढे मोल कशासाठी, असा प्रश्न माझ्या मनात येतोच. परंतु हा पोशाख जिव्हांशीने डोमिनिक लापिएर यांना दिलेला होता. कोलकात्याच्या वस्तीवर ‘सिटी ऑफ जॉय’ लिहिणारे हे लेखक. त्यांनी ते पैसे भारतातील गरीब मुलांच्या शिक्षणासाठी लावले. हे कळल्यापासून त्या पोशाखाविषयी तुसडेपणाने बोलणे मला जमत नाही.

२०१७ साली तिच्या घरातील वस्तूंचा लिलाव झाला. तेथे त्या चित्रपटाची तिची कामाची संहिता ६ लाख ३२ हजार ७५० पौंडांना विकली गेली आणि ती घेतली टिफनी या जवाहिऱ्यांच्या पेढीनेच. तिच्या वाट्याच्या संवादांवर निळसर-हिरव्या शाईच्या खुणा आहेत. मला हेवा वाटला तो या वस्तूचा. पोशाख तिच्यासाठी शिवला गेला. संहितेवर तिने काम केले. एखाद्या गायकाच्या शालीपेक्षा त्याची बंदिशींची वही मोलाची वाटावी, तसे हे आहे.

या वस्तू माझ्या आवाक्याबाहेरच्या. माझ्याकडे आहेत ती पुस्तके. त्यांतील बहुतेक देखणी आणि पोकळ आहेत: गुळगुळीत कागद, मोत्यांच्या माळा, मोठा गॉगल. (‘माय फेअर लेडी’तील छायाचित्रे मात्र मी पुन्हा पुन्हा पाहतो. ज्या शॉच्या नाटकावरून तो चित्रपट आला, त्यावरूनच पु.लं.नी ‘ती फुलराणी’ घडवली. मंजुळेला मी आधी भेटलो आणि एलायझाला नंतर, त्यामुळे ऑड्री मला नेहमी मंजुळेची परदेशी बहीण वाटते.)

असेच एक चित्रमय पुस्तक मी चाळत असताना आई शेजारी येऊन बसली. आईला इंग्रजी येत नाही आणि हॉलिवूडशी तिचे देणेघेणे नाही. तिने पानावरच्या ऑड्रीकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “लहानपणी उपाशी ऱ्हायलेलं पोर हाय हे. मनगटं बघ की.”

आम्ही माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायच्या कामावर जात होती. कामावर मिळणारी सुकडी ती पदरात बांधून आमच्यासाठी आणायची आणि लाल मिलोच्या भाकरीला नावे ठेवू द्यायची नाही. तिचे मनगट मी ओळखतो. पण जगाने जिच्या सडपातळपणाला सौंदर्याचा मापदंड ठरवले, त्या बाईच्या मनगटाकडे या दृष्टीने पाहण्याचे मला सुचले नव्हते.

आई म्हणाली ते शब्दशः खरे होते. रॉबर्ट मॅटझन यांच्या ‘डच गर्ल’ या २०१९ च्या पुस्तकाचा विषयच तो आहे. १९२९ साली ब्रसेल्समध्ये जन्मलेली ऑड्री जर्मन आक्रमणाच्या वेळी नेदरलंड्समधील आर्नहेम येथे होती. तिच्या मावशीचे यजमान १९४२ साली जर्मनांच्या गोळ्यांना बळी पडले. आई-वडील दोघेही एके काळी फॅसिस्टांचे चाहते होते, ही गोष्टही हे पुस्तक झाकत नाही. म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास बसतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम नेदरलंड्समध्ये हजारो माणसे उपासमारीने मेली. आर्नहेमजवळच्या फेल्प गावात ऑड्रीच्या घरीही अन्न संपत आले होते. रक्तक्षय, अंगावर सूज, कावीळ अशा अवस्थेत तिने मुक्ती पाहिली. तेव्हा तिला सोळा वर्षे पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. नंतर आठच वर्षांनी ‘रोमन हॉलिडे’ पडद्यावर आला. त्यातील राजकन्या रोमच्या पायऱ्यांवर आइस्क्रीम खाते, तो प्रसंग आता मला नुसता गोड वाटत नाही.

तिचा धाकटा मुलगा लुका डोत्ती याने आईच्या स्वयंपाकघरावर पुस्तक लिहिले आहे, ‘ऑड्री अ‍ॅट होम’. त्यात पाककृती आहेत आणि घरगुती छायाचित्रे आहेत. टोमॅटोच्या रश्शातील स्पॅगेटी हा तिचा सर्वांत आवडता पदार्थ होता, हे त्यातून कळते. ती मुद्दाम उपाशी राहून सडपातळ झाली, हा समज त्या पुस्तकाने माझ्यापुरता निकालात काढला. माझ्या संग्रहात सर्वाधिक हाताळलेले पुस्तक हेच. आईलाही तेच आवडते. पाककृती मी मोठ्याने मराठीत सांगतो आणि ती मध्येच थांबवून म्हणते, “मीठ कधी घालायचं, ते सांगितलं न्हाईस.”

अखेरच्या वर्षांत ऑड्री युनिसेफचे काम करीत असे. १९८८ साली ती दुष्काळग्रस्त इथिओपियात गेली आणि सप्टेंबर १९९२ मध्ये सोमालियात. पुढच्या जानेवारीत कर्करोगाने तिचे निधन झाले. इथिओपियातील तिचे एक छायाचित्र माझ्याकडच्या पुस्तकात आहे: साधा सदरा, बांधलेले केस, पाठीशी एक मूल. लिलावात मोल यावे असे त्यात तिच्या अंगावर काही नाही. मी ते पान आईला दाखवले. तिने ऑड्रीकडे पाहिले नाही, त्या मुलाचे मनगट पाहिले आणि विचारले, “ह्याला काय खायला दिलं मग?”